‘एक खिडकी’ आली म्हणून रेसिड्यू टेस्ट सुटलेली नाही

“सरकारने कस्टमची एक खिडकी उघडली! आता शेतकऱ्याला एजंट नको, लॅब नको, फायटो नको. मोबाइलवर एक फॉर्म भरा, २४ तासांत माल जहाजावर, थेट युरोपात. आता निर्यात कोणीच अडवू शकत नाही. असं करणारा भारत जगातला पहिला देश. सिंगल विंडो परवान्यासाठी खालील नंबरवर संपर्क करा.”

द्राक्षपट्ट्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. मी न्हावा शेवा बंदराजवळच्या एका सीएचए (कस्टम एजंट) कचेरीत निर्यातीची कागदपत्रं बघते, त्यामुळे असं काहीबाही रोज वाचनात येतं आणि मी सोडून देते. पण परवा निफाडहून मामेभावाचा फोन आला. “ताई, यंदा प्लॉटचं सॅम्पल द्यायची गरज नाही म्हणतात, सगळं ऑनलाइन झालंय. चार पैसे वाचतील. खरं ना?” त्याच्या गटातल्या आणखी दोघांनी तर रेसिड्यू टेस्टसाठी, म्हणजे द्राक्षात फवारलेल्या औषधाचा अंश किती उरलाय ते तपासण्यासाठी, सॅम्पल द्यायचं नाही असं ठरवूनही टाकलं होतं. म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

आधी ही खिडकी काय आहे ते बघू. कस्टमची ‘स्विफ्ट’ नावाची व्यवस्था १ एप्रिल २०१६ला सुरू झाली, म्हणजे ही काल-परवाची बातमीच नाही. सुरुवात झाली तीही आयातीपासून. त्याआधी परदेशातून खाद्यपदार्थ, औषधं किंवा रोपं आणणाऱ्याला कस्टमकडे एक अर्ज, अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे दुसरा, वनस्पती संगरोधाकडे तिसरा असं फिरावं लागायचं. स्विफ्टने कस्टम आणि सहा खात्यांचे मिळून नऊ वेगवेगळे फॉर्म एका घोषणापत्रात आणले. आयातदार माहिती एकदाच आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर भरतो आणि ज्या खात्याला जेवढी हवी तेवढी तिकडे जाते. काम मोठं आहे, चांगलं आहे. पण एकत्र झालं ते अर्ज देणं. अटी जिथल्या तिथेच आहेत. सेतू केंद्रात अर्ज दिला म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलदाराची सही लागत नाही, असं कोणी म्हणतं का?

आता “लॅब नको, फायटो नको”. या संपूर्ण मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे.

लॅबची अट कस्टमने घातलेली नाही, त्यामुळे कस्टमची खिडकी ती काढूही शकत नाही. द्राक्षात कुठल्या औषधाचा अंश किती चालेल, हे माल विकत घेणारा देश ठरवतो. युरोपात तर १४ डिसेंबर २०१९पासून जवळपास प्रत्येक ताज्या फळाला फायटो, म्हणजे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, सक्तीचं आहे. सूट आहे ती फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. त्यात द्राक्ष नाही. आपल्याकडे कितीही खिडक्या उघडा, तिकडच्या बंदरातला अधिकारी कागद मागणारच.

आणि गंमत अशी की द्राक्षाची ऑनलाइन व्यवस्था या स्विफ्टच्याही आधीची आहे. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेने ‘ग्रेपनेट’ २००६मध्ये सुरू केलं. कृषी खात्याकडे प्लॉटची नोंद, त्या प्लॉटचा क्रमांक, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने बागेतून घेतलेला नमुना, त्याचा अहवाल, अपेडाची मान्यता असलेलं पॅकहाउस, अ‍ॅगमार्क, फायटो, अशी सगळी साखळी त्यात बांधलेली आहे. नमुन्यात मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडला, तर त्या प्लॉटचा माल युरोपच्या वाटेवर पुढे सरकतच नाही. प्रयोगशाळांवर देखरेख ठेवणारी संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीला, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. म्हणजे डिजिटल झाल्यामुळे तपासणी गेली, हा दावा उलटा आहे. द्राक्षात डिजिटल व्यवस्था उभी राहिली तीच मुळी तपासणीचा माग ठेवण्यासाठी.

ज्यांना ही तपासणी म्हणजे नुसता कागदी जाच वाटतो, त्यांनी २०१० आठवावं. त्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अंश युरोपात सापडले. आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होत होती त्या यादीत सीसीसी नव्हतंच. कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले, माल नाकारला गेला. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना आणि निर्यातदारांना त्याचा फटका पुढची किती तरी वर्षं पुरला. एक रसायन यादीतून सुटलं तर हे झालं. आता लोक सांगतायत की अख्खी यादीच सोडा. युरोपात एक खेप नापास झाली की तिची सूचना तिथल्या सगळ्या देशांना जाते, आणि पुढच्या खेपांकडे संशयाने बघितलं जातं. एका प्लॉटच्या सॅम्पलचे वाचवलेले पैसे अख्ख्या तालुक्याला भरावे लागतात. मामेभावाला मी हेच सांगितलं, जरा आवाज चढवूनच.

एजंटचा मुद्दा. इथे मला अर्धं मान्य करावं लागेल, आणि माझी भाकरी याच धंद्यावर आहे हे लक्षात ठेवूनच तुम्ही ते वाचा. कायद्याने कस्टम ब्रोकर सक्तीचा नाही. तुमच्याकडे आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, असेल, आइसगेटवर नोंदणी असेल, डिजिटल सही असेल, तर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचं घोषणापत्र, तुम्ही स्वतः भरू शकता. हे आधीही होतं. आमच्या धंद्यात काही जण नवख्या निर्यातदाराला घाबरवून पैसे उकळतात, न लागणाऱ्या कागदांचेही दर लावतात, हे मी नाकारणार नाही. ई-संचित या कस्टमच्या ऑनलाइन सोयीमुळे २०१८पासून कागद स्कॅन करून चढवता येतात, फाइल घेऊन काउंटर-काउंटर फिरणं बरंच कमी झालं. २०२०मध्ये फेसलेस असेसमेंट देशभर लागू झालं, त्यामुळे न्हावा शेवाला आलेल्या आयात मालाचं मूल्यांकन दुसऱ्याच शहरातला अधिकारी करतो. ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणून पैसे घेणाऱ्यांचं दुकान त्याने खरंच बसवलं, आणि बसलं ते बरंच झालं.

पण ‘स्वतः भरू शकता’ आणि ‘मोबाइलवर एक फॉर्म’ यांत फार अंतर आहे. शिपिंग बिलात एचएस कोड (मालाच्या वर्गाचा क्रमांक), माल कुठल्या योजनेखाली जातोय, एडी कोड (तुमच्या बँकेचा क्रमांक), वजन, एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतची) किंमत हे सगळं बरोबर लागतं. सही तुमची, जबाबदारीही तुमची. माहीत असून खोटी माहिती दिली तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११४अअ खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रुपवर फॉरवर्ड पाठवणारा तेव्हा तुमच्या शेजारी उभा नसेल.

“२४ तासांत माल जहाजावर.” हा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणून तो जास्त फसवा आहे. सरकारच्या व्यापार सुलभीकरण आराखड्यात समुद्री निर्यातीसाठी २४ तास आणि समुद्री आयातीसाठी ४८ तास असं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. उद्दिष्ट, हमी नव्हे. प्रत्यक्षात काय होतं ते सरकारच दरवर्षी मोजतं. २०२३च्या राष्ट्रीय टाइम रिलीज स्टडीत बंदरांवर आयात माल सुटायला सरासरी ८५ तास ४२ मिनिटं लागल्याचं नोंदवलंय. आदल्या वर्षीपेक्षा ते नऊ टक्क्यांनी सुधारलं होतं, तरीही ४८च्या जवळपास नव्हतं. आणि निर्यातीत तर कस्टमची परवानगी, म्हणजे एलईओ, मिळाली की काम संपत नाही. त्यानंतर कंटेनर गेटमधून आत जाणं, जहाजाची कटऑफ (माल घ्यायची शेवटची वेळ), जहाज प्रत्यक्ष सुटणं हे सगळं बाकी असतं, आणि तो वेळ कस्टमच्या हातात नाही. २०२३च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. रीफरमधली, म्हणजे थंड कंटेनरमधली, द्राक्षं तितके जास्त दिवस पाण्यावर राहिली. कुठल्या खिडकीने ते दिवस कमी केले असते?

“निर्यात कोणीच अडवू शकत नाही” हे वाक्य लिहिणाऱ्याला लासलगावला उभं करायला हवं. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३पासून निर्यातबंदीच आली. मे २०२४मध्ये ती उठली ती टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि ते पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ला. या संपूर्ण काळात खिडकी हीच होती. दिल्लीहून अधिसूचना निघाली की संगणक तुमचं शिपिंग बिल घेत नाही, एवढं साधं आहे ते. उलट, बंदी आता पूर्वीपेक्षा जास्त झटपट लागू होते.

“जगातला पहिला देश” यावर एकच ओळ पुरे: सिंगापूरचं ट्रेडनेट १९८९पासून चालू आहे.

राहिला तो खालचा नंबर. ‘सिंगल विंडो परवाना’ नावाचा कुठलाही परवाना नाही. निर्यातीला लागतो तो आयईसी. तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅनवरून मिळतो, सरकारी शुल्क ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते. द्राक्षासाठी अपेडाची नोंदणी वेगळी, प्लॉटची नोंद तालुका कृषी कार्यालयामार्फत. यातलं काहीही अनोळखी नंबरवर पैसे पाठवून होत नाही. कोणी पाठवले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, कारण जितका उशीर तितके पैसे परत मिळणं कठीण. आणि ज्यांनी सॅम्पल द्यायचं नाही ठरवलंय त्यांनी काढणीच्या आधी लॅबला फोन करावा. मामेभावाने केलाय, त्याच्या गटातल्या दोघांचा अजून बाकी आहे.