पट्ट्याची ओढ आणि 120 हॉर्सपॉवर: सातपूरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं. ते पाठवलं नाही. त्यात राग जास्त होता आणि आकडे कमी. तीन दिवस थांबलो, शेडवर जाऊन तुमच्या दोन शंका मोजून पाहिल्या आणि आता लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काकांनी नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात 32 वर्षं क्वालिटीत काढली आहेत. मी घरी बनवत असलेल्या हायब्रिड टर्बो इंजिनाबद्दल लिहिलं होतं: पेट्रोल इंजिन, त्याला डिझेलचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि पट्ट्याने जोडलेली बॅटरीवरची मोटर. त्यावर त्यांचे आक्षेप असे: डायनो, म्हणजे इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र, नसताना 120 हॉर्सपॉवर कुठून आले? डिझेलचा टर्बो पेट्रोलवर टिकणार नाही. टर्बो लावलास तर मोटर कशाला, आणि मोटर लावलीस तर टर्बो कशाला? बॅटरीबद्दल दोन ओळी लिहून पोरांच्या जिवाशी खेळतोयस. मोटरचा पट्टा क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पहिली बेअरिंग खाईल. आणि शेवटी, "हा पोरखेळ आहे, रस्त्यावर आणलास तर गुन्हा आहे."

आकड्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही पूर्ण बरोबर आहात. 120 हा आकडा मी मोजलेला नव्हता. मूळ इंजिन 85 चं, त्यात बूस्टचे (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचे) इतके, मोटरचे इतके, अशी कागदावरची बेरीज होती आणि मी ती मोजल्यासारखी लिहिली. तो आकडा काढून टाकला आहे. ज्याने आयुष्यभर गो-नो-गो गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारं) हातात धरलं, त्याला असली बेरीज वाचून चीड येणारच.

खरं मोजलेलं काय आहे ते सांगतो. इंजिन मारुती एस्टीमचं, जी-13, 1298 सीसी, स्क्रॅपमधून कागदांसकट घेतलेलं. ते लोखंडी स्टँडवर आहे आणि त्याला 15 केव्हीएचा जुना अल्टरनेटर (वीज बनवणारं जनित्र) थेट जोडला आहे. चार पोलचा, म्हणजे 1500 आरपीएमला बरोबर 50 हर्ट्झ. त्याची वीज 200 लिटरच्या ड्रममध्ये बुडवलेल्या तीन हीटर कॉइलना जाते, प्रत्येकी 3 किलोवॅट. करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर माझा भरवसा नव्हता म्हणून पाण्यात थर्मामीटर सोडला. 9 किलोवॅट खरंच जात असतील तर 200 लिटर पाणी दहा मिनिटांत साडेसहा अंश तापायला हवं. माझ्याकडे सव्वासहा आलं. ड्रमच्या पत्र्यातून थोडी उष्णता जाते हे धरलं तर मीटर खोटं बोलत नाही. एवढीच माझी प्रयोगशाळा, आणि ती 1500 आरपीएमच्या पुढचं काही सांगत नाही. भारावर 0.4 बार बूस्ट मी अजून पाहिलेलं नाही. वेस्टगेटची, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट वळवून बूस्ट रोखणाऱ्या झडपेची, दांडी 0.4 ला हलू लागते, हे सायकलच्या पंपाने आणि गेजने तपासलं आहे, बस.

आता तो मुद्दा, जो मला अजिबात पटत नाही: दोन्ही कशाला?

टर्बोचं दुखणं तुम्हाला माहीत आहेच. एक्झॉस्टचा जोर नसेल तोवर तो झोपलेला असतो. खालच्या आरपीएमला लवकर जागा व्हावा म्हणून लहान टर्बो घ्यायचा, तर वरच्या आरपीएमला तोच गळा आवळतो आणि तापतो. मोठा घ्यायचा, तर घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून वाट बघायची. मोटरचं उलटं आहे. ती शून्यापासून पूर्ण टॉर्क देते, पण माझ्या बॅटरीत जेमतेम 5 किलोवॅट-तास वीज आहे. पूर्ण 10 किलोवॅटने चालवली तर अर्ध्या तासात खेळ संपला. म्हणून मोटरला मी फक्त ती दोन-तीन सेकंदं दिली आहेत, जेव्हा टर्बो जागा होत असतो. बूस्ट आलं की ती मागे सरते आणि उतारावर परत चार्ज होते. उताराचा भाग स्टँडवर तपासता येत नाही, तो अजून फक्त प्रोग्राममध्ये आहे.

खालची बाजू मोटर सांभाळते, म्हणून टर्बोला पिळायची गरज उरत नाही. तुमची डिझेल टर्बोची शंका रास्त आहे. डिझेलचा एक्झॉस्ट त्या मानाने थंड असतो, पेट्रोलचा भारावर 900 अंशांच्या वर जातो आणि डिझेलसाठी ओतलेलं टर्बाइनचं घर तडकू शकतं. म्हणूनच बूस्ट 0.4 वर बांधून ठेवलं. टर्बोच्या तोंडाशी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आहे आणि 800 अंशांना इंजिन स्वतःहून मागे येतं. नुसता टर्बो असता तर एवढ्याशा बूस्टवर मी समाधान मानलं नसतं, वेस्टगेटची स्प्रिंग घट्ट करत गेलो असतो. मोटर तो मोह काढून टाकते.

हे मी पाहिलंय, म्हणून एवढ्या ठामपणे लिहितो. इंजिन 1500 वर, एक कॉइल चालू. मग बाकीच्या दोन एकदम टाकायच्या, 3 वरून 9 किलोवॅट. मोटर बंद असताना आरपीएम 1290 पर्यंत पडला आणि सावरायला तीन सेकंदांच्या वर गेले. आवाज असा, जणू कुणी मानेवर हात ठेवलाय. तेच मोटर चालू ठेवून केलं तर सुई 1450 ला टेकली आणि लगेच परत आली. अकरा वेळा केलं. शेवटच्या खेपेला बायको शेडच्या दारात उभी होती. तिला यातलं काही कळत नाही, पण ती म्हणाली, "आता ते दमलं नाही." मला जे दोन पानं लिहून सांगता आलं नव्हतं, ते तिने एवढ्यात सांगितलं.

आपल्या नाशिकच्या हवेचीही एक गोष्ट आहे, ती सहसा कुणी धरत नाही. आपण समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास आहोत. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी, म्हणजे प्रत्येक इंजिन इथे तेवढं उपाशी. माझ्या 0.4 पैकी पहिला 0.07 तर फक्त ही तूट भरण्यात जातो. आणि दाबलेली हवा तापते. हिशोब केला तर 35 अंशांची हवा कॉम्प्रेसरमधून 85 च्या घरात बाहेर येईल. मे महिन्यात तीच हवा इंजिनात सोडली तर नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून बसणारे ठोके, ठरलेलं. म्हणून ती हवा थंड करणारा इंटरकूलर आहे, आणि कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) थोडं उतरवलं आहे. ते कसं मोजलं हे सांगतो. हेड उलटं ठेवलं, ज्वलनकक्षावर ग्रीस लावून ॲक्रिलिकची चकती बसवली आणि ब्युरेटने (मापाच्या काचेच्या नळीने) केरोसीन सोडलं. गॅस्केटची जाडी आणि पिस्टनचा माथा धरून एका सिलिंडरची वरची जागा 40.6 सीसी भरली. बोअर (सिलिंडरचा व्यास) 74, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75.5 मिलिमीटर, म्हणजे गुणोत्तर 9. ते साडेआठवर आणायला 2.7 सीसी जागा हवी होती, ती 0.6 मिलिमीटर जाड गॅस्केटने मिळाली. चारही कक्ष तीन-तीन वेळा भरले. हा पोरखेळ नाही, काका. तुम्ही कारखान्यात जे करत होतात, तेच मी माझ्या ऐपतीप्रमाणे करतोय.

बॅटरीच्या बाबतीत मात्र मी चुकलो आणि ही चूक आकड्याच्या चुकीहून मोठी आहे. "बॅटरी जोडली आणि मोटर फिरली," एवढंच लिहिलं होतं. जे घडलं ते लिहिलं नव्हतं.

सोळा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल, प्रत्येकी 3.2 व्होल्ट, म्हणजे 51.2. पूर्ण भरल्यावर 58.4. साठच्या आत आहे, झटका बसत नाही, या समजुतीत मी होतो. कोरड्या हाताला झटका सहसा बसत नाही. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी 13 चा पाना हातातून सुटून दोन बसबारवर (सेल जोडणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर) आडवा पडला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. पाना उचलला तेव्हा त्याच्या कडेतून हरभऱ्याएवढा तुकडा वितळून गेलेला होता आणि खालच्या कोब्यावर काळा डाग पडला होता, तो अजून आहे. हातात अंगठी होती. ती पान्याच्या जागी असती तर बोट राहिलं नसतं.

तेव्हापासून अंगठी, घड्याळ, कडं काढल्याशिवाय मी बॅटरीच्या कपाटाला हात लावत नाही. पान्यांना टोकापर्यंत इन्सुलेशन टेप आहे. ज्या सेलवर काम नाही त्यांवर रबराची चटई. फ्यूज बॅटरीच्या अगदी तोंडाशी आहे आणि तो डीसीचाच आहे. घरातला एमसीबी इथे लावू नये, कारण एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते, डीसीची ठिणगी तशी विझत नाही, ती ओढली जाते आणि जळत राहते. मोटरचा कंट्रोलर थेट जोडायचा नाही, आधी करंट रोखून धरणाऱ्या प्रीचार्ज रेझिस्टरमधून त्याचे कपॅसिटर भरू द्यायचे, नाहीतर काँटॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) पहिल्याच दिवशी चिकटेल, आणि चिकटलेला काँटॅक्टर म्हणजे बंद न होणारी बॅटरी. आणि बॅटरी आता घरात नाही. दिंडोरी रोडला मामेभावाच्या द्राक्षबागेत, मुख्य शेडपासून सुट्या पत्र्याच्या खोलीत आहे. हे सगळं पहिल्याच लेखात असायला हवं होतं. कॉलेजची मुलं वाचतात, ती करून बघणारच, आणि अर्धवट लिहिलेलंच त्यांना जास्त महागात पडेल. मूळ लेखात हा भाग आज सगळ्यात वर टाकला आहे.

कायद्याचं लवकर सांगतो, कारण त्यात वाद नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या गोष्टी मनाने बदलता येत नाहीत, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हायब्रिडचं किट लावायचं तर ते आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून मंजूर झालेलं लागतं. माझं इंजिन कुठल्याही गाडीत नाही. ते स्टँडवर आहे आणि स्टँडवरच राहील.

"घरी" या शब्दावरही तुमचा राग दिसला. घरी म्हणजे एकट्याने, असं मला म्हणायचं नव्हतं. फ्लँज (नळ्या जोडणारी चकती) अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवर झाली. मॅनिफोल्डचं (एक्झॉस्टच्या नळ्यांच्या जुडग्याचं) वेल्डिंग ज्यांनी केलं ते आधी द्राक्षाच्या फवारणीच्या टाक्या जोडायचे. हेडचं फेसिंग द्वारकेजवळ. हे शहर असं आहे की मायको सर्कलच्या आसपास कुणाला डिझेलचं नोझल म्हटलं तर तो मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) बोलतो. कारखान्यांतून बाहेर पडलेलं हे कसब गल्ल्यांमध्ये बसलेलं आहे, आणि त्याला वर्षानुवर्षं तीच बुशिंग, तेच शाफ्ट करायला मिळतात. अंबडच्या त्या मिस्त्रींनी फ्लँज देताना पैसे घेतले, पण दुसऱ्या रविवारी स्वतःच्या खर्चाने इंजिन बघायला आले आणि दोन तास खुर्चीवर बसून राहिले. त्यांच्यासाठी तरी मला हे पूर्ण करायचं आहे.

आता बेअरिंग. सोमवारी क्रँकच्या पुलीजवळ डायल (शतांश मिलिमीटर दाखवणारं गेज) लावला आणि इंजिन बंद ठेवून पट्टा ताणला. पुली 0.07 मिलिमीटर खेचली गेली, बेअरिंगमधली फट आणि क्रँकचा बाक मिळून. 1500 वर 10 किलोवॅट म्हणजे 64 न्यूटन-मीटर, पुली 100 मिलिमीटर व्यासाची, म्हणजे 130 किलोची ओढ, पट्ट्याचा आधीचा ताण वेगळा. सगळी एकाच बाजूला. तुम्ही न बघता जे सांगितलंत ते डायलवर दिसलं. त्या दिवसापासून मोटर बंद आहे.

पुलीच्या बाहेरून आधार देणारी प्लेट आखली आहे, ब्लॉकला डॉवेलवर (जागा पक्की ठेवणाऱ्या पिनांवर) बसणारी. बेअरिंग 6206, बाहेरचा व्यास 62 मिलिमीटर. जी-13 चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, म्हणून प्लेटही ॲल्युमिनियमची घेतली, तापल्यावर दोन्ही सारखे फुगावेत. पण बेअरिंग पोलादाचं. 60 अंश तापमान वाढलं की 62 च्या बोअरमध्ये चार शतांश मिलिमीटर ढील पडते आणि बेअरिंगची बाहेरची कडी (रेस) फिरू लागेल अशी भीती आहे. थंड असताना तेवढं घट्ट बसवलं तर बेअरिंगची आतली फट संपते. बोअर अजून अर्धा मिलिमीटर कमी ठेवून थांबलो आहे. सी-3 (आतली फट जास्त असलेलं) बेअरिंग घेऊन प्रेस करू, की बोअरमध्ये पोलादाची बुश घालून एच-सात (बोअरच्या मापाची ठरलेली सूट) ठेवू? ड्रॉइंग उद्या तुम्हाला ईमेल करतो. तुम्ही सांगाल त्या फिटवर शनिवारी अंबडला बोअर मारायचा आहे.