छताखालचं लाकूड कोरडंच राहतं?

एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय: “पडवीचं लाकूड छताखालीच असतं, त्याला पाणी लागत नाही. म्हणून कोणतंही लाकूड चालतं, फक्त चांगलं जाड घ्या. साग असेल तर काही बघायलाच नको. ओलं मिळालं तरी जागेवर वाळतं.” या भरवशावर लोक खांब उभे करतात आणि त्या छपराखाली माणसं बसतात, मुलं खेळतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पाणी. छप्पर वरून पडणारा पाऊस अडवतं, वाऱ्याबरोबर आडवा आत घुसणारा नाही. पडवीच्या बाजू तर मोकळ्याच. वाशांची बाहेर आलेली टोकं पागोळ्यांनी भिजतात, जमिनीवरून उडणारे शिंतोडे खांबांच्या बुडाला लागतात. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं तेही या कापलेल्या तोंडांतूनच, कारण तिथे त्याच्या बारीक नळ्या उघड्या असतात. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असला की कुजवणारी बुरशी वाढत नाही; 25 ते 30 टक्क्यांच्या पुढे गेला आणि तसाच टिकला की तिचं फावतं. म्हणून वासा मधोमध ठणठणीत आणि टोकाला स्क्रूड्रायव्हर सहज रुतेल इतका मऊ, असं होतं.

तेव्हा सगळीकडे महागडं लाकूड लावायची गरज नाही, पण खांब आणि बाहेर येणारे वासे टिकाऊ जातीचे किंवा दाबाखाली रसायन मुरवलेले हवेत. मुरवलेलं लाकूड कापलं की कापलेल्या तोंडाला पुन्हा औषध लावायचं. रसायन गाभ्यापर्यंत पोचलेलं असेलच असं नाही. बोरॉनची प्रक्रिया आतल्या, कोरड्या वाशांना ठीक. पावसात ती धुऊन जाते. खांब थेट फरशीवर टेकवू नका. धातूच्या बैठकीवर थोडा उचलून बसवा.

“जाड घ्या” हे अर्धवट आहे. त्याच जातीचे दोन वासे घ्या: एक 4 बाय 4 इंच, दुसरा 2 बाय 8 इंच आणि उभा बसवलेला. लाकूड दोन्हींत सारखंच. तरी दुसरा दुप्पट भार पेलतो आणि न वाकण्यात चौपट सरस ठरतो, कारण रुंदीपेक्षा उंची कितीतरी जास्त कामाची. अर्थात तो कलंडू नये म्हणून मधे आडवे ठोकळे हवेत. अंतराचा हिशेबही लक्षात ठेवा: दर फुटाला भार तोच ठेवून दोन आधारांतलं अंतर दुप्पट केलं, तर वाक सोळापट होतो. शिवाय वाशाच्या मध्यावर, खालच्या कडेला मोठी गाठ असेल तर तो वासा बाजूला काढा. ताण तिथेच सगळ्यात जास्त येतो.

सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. सालीलगतचा फिकट पट्टा वाळवी आणि बुरशी इतर लाकडांसारखाच खाते. कमी वयाच्या झाडात हा पट्टा तुलनेने मोठा. नुसतं नाव ऐकून घेऊ नका, कापलेलं तोंड बघा.

ओलं लाकूड जागेवर वाळतं, हे खरं. पण वाळताना ते आक्रसतं, तेही सगळ्या दिशांनी सारखं नाही: वाढीच्या वलयांच्या दिशेने जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मं वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने. त्यातून पीळ पडतो, चिरा जातात, बोल्ट ढिले होतात. आणि भाराखाली वाळलेला वासा वाकलेला तसाच राहतो.

सांध्यांबद्दल संदेशात अक्षरही नाही. मोकळ्या पडवीत शिरलेला वारा छप्पर खालून वर उचलतो. वासा कितीही चांगला असला तरी तुळईला तो नुसत्या तिरप्या खिळ्यांवर टिकत नाही; धातूच्या पट्ट्या हव्यात. तांबेयुक्त रसायन मुरवलेल्या लाकडात साधं लोखंड लवकर गंजतं, म्हणून त्या पट्ट्या आणि खिळे जाड जस्ताच्या थराचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या.