करवंटीचा कोळसा वाटून नॅनोट्यूब होत नाहीत

किनारपट्टीवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक कृती फिरते आहे: करवंटीचा कोळसा मिक्सरला वाटा, चांदीचं नाणं टाकून विहिरीच्या पाण्यात उकळा, ‘चांदीयुक्त कार्बन नॅनोट्यूब’ (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या) तयार. त्यातून गाळलं की मचूळ पाणी गोडं. वर ‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’.

‘वाटून नळ्या होतात.’ वाटून भुकटी होते. नळी वायूतून वाढवावी लागते. ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) फेरिक नायट्रेट या लोहाच्या क्षाराच्या द्रावणात भिजवून, वाळवून, सुमारे ५०० अंशांना भाजायचा. त्यावर लोहाच्या ऑक्साइडचे कण बसतात; पुढे भट्टीत ॲसिटिलीनमुळे त्यांचंच लोह होतं. तो क्वार्ट्झच्या नळीत ठेवून आरगॉनने हवा हाकलायची आणि ७०० अंश सेल्सियसच्या आसपास ॲसिटिलीन सोडायचा. लोहाच्या कणावर वायूचं विघटन होतं, कार्बन कणात मुरतो आणि नळी होऊन बाहेर पडतो. कण जाड, तर नळी जाड. हवा राहिली तर नळ्या जळतात; स्फोटाचा धोका वेगळाच.

‘नाणं उकळलं की चांदी चिकटते.’ चांदी पाण्यात उकळून विरघळत नाही. लागतं सिल्व्हर नायट्रेट हा चांदीचा विरघळणारा क्षार, आणि नळ्यांवर पकड हवी. त्यासाठी त्या तीन भाग सल्फ्युरिक, एक भाग नायट्रिक आम्लात ६०-७० अंशांना काही तास ठेवायच्या, मग सामू (पीएच) ७ येईपर्यंत धुवायच्या. आम्लात जास्त वेळ राहिल्या तर तुटतात. ही पायरी गाळली तर चांदी सुटी तरंगते नि धुण्यात निघून जाते. मग १०० मिलिग्रॅम नळ्या १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात पसरवून १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट घालायचं आणि क्षारातून चांदी मोकळी करणारं सोडियम बोरोहायड्राइडचं बर्फगार द्रावण थेंबथेंब सोडायचं. घाई केली की चांदीच्या गुठळ्या. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली बोरोहायड्राइडची बाटली दमट होऊन निकामी होते. द्रावण आयत्या वेळीच करावं.

यात विहिरीचं पाणी वापरलंत तर खेळ तिथेच संपला. खाडीलगतच्या पाण्यातलं क्लोराइड चांदीला धरतं नि पांढरा साका बसतो. उन्हात तो जांभळट-काळा पडतो. त्याला नॅनो चांदी समजू नये.

‘मचूळ पाणी गोडं होतं.’ विरघळलेलं मीठ कोळशात अडकत नाही, चांदीलाही ते काढता येत नाही. करवंटीचा सक्रिय कोळसा वास आणि क्लोरीन काढायला उत्तम; मिठासाठी आरओच हवा.

‘निर्धोक.’ नळ्या खरंच झाल्या असत्या, तर मिक्सरचं झाकण उघडणंच महागात पडलं असतं: उडालेली भुकटी श्वासात जाते. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश (NIOSH) संस्थेने कामाच्या जागी हवेतल्या अशा नळ्यांसाठी सुचवलेली मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे.