बारावीच्या मुलांची मुलाखतीची तयारी, जेवणाच्या सुट्टीआधी

नोकरी-मार्गदर्शनाचा कार्यक्रम घ्यायचाच असेल तर प्रात्यक्षिकं आणि लेखी परीक्षा यांच्या मधल्या दिवसांत घ्या. तेव्हा कोणाचंच लक्ष नसतं, त्यामुळे प्रश्न येत नाहीत. पत्रिकेवर साडेनऊ छापा. पाहुणे अकराला येतात. समई, ईशस्तवन, पुष्पगुच्छ आणि आमदारांचे 'दोन शब्द' आटोपले की मुलांसाठी २० मिनिटं उरतात. पुष्कळ झाली.

त्यात बायोडेटा उरका. नमुना एकच द्या आणि फळ्यावरून उतरवून घ्यायला लावा. गोव्यात कांदोळीच्या हॉटेलातलं रिसेप्शन असो की वेर्ण्याच्या औषध कारखान्यातलं पॅकिंग, 'नामांकित संस्थेत प्रगती साधणे' हे ध्येय दोन्हीकडे चालतं. छंद : वाचन. शेवटचं काय वाचलंस, असं कोणी विचारेल हे सांगू नका. एखादी मुलगी दोन सुट्ट्या मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसली असेल, रोजचा हिशेब जुळवत असेल, तर ते खोडायला लावा. असलं वाचलं की समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो आणि पुढचे प्रश्न विचारू लागतो.

संपर्कासाठी वडिलांचा नंबर द्यावा. वडील टॅक्सी चालवतात, अनोळखी फोन घेत नाहीत. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग मात्र आता तपासू नका. गांवकर, नाईक, शेट यांचं गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरं असू शकतं. ते कागदपत्रं तपासायच्या टेबलावरच कळू द्या. गोवा सरकारच्या जागेला लागणारा १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखलाही जाहिरात आल्यावरच काढावा. मामलेदार कचेरीत त्या आठवड्यात सगळा तालुका भेटतो, ओळखी वाढतात.

आता सराव मुलाखत. एका मुलाला १० मिनिटं धरली तर एका टेबलावर तासाला सहा. मुलं १२० असली तर चार टेबलं आणि पाच तास, म्हणजे एका दिवसाचं काम. छे! त्यापेक्षा व्यासपीठावर तीन हुशार मुलं बसवा आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवू द्या. प्रश्न वर्गशिक्षकांनीच विचारावेत, कारण त्यांना उत्तरं आधीच ठाऊक असतात. 'स्वतःबद्दल सांग' याचं पाठ केलेलं इंग्रजी उत्तर आजोबांच्या गावापासून सुरू व्हावं. मधेच अडलं की पुन्हा पहिल्या वाक्यापासून.

केंद्र सरकारच्या लिपिकाच्या जागेसाठी तर मुलाखतीची विशेष तयारी करून घ्या. तिथे १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच नाही. लेखी परीक्षा आणि टायपिंग असतं, इंग्रजीत मिनिटाला ३५ शब्द. संगणक प्रयोगशाळेला कुलूप असल्यामुळे तो विषय आपोआप सुटतो.

'काही विचारायचंय?' असं साहेबांनी म्हटलं की 'नो सर', एवढंच. दूरच्या काणकोणच्या मुलाने वेर्ण्यातली दुसरी पाळी आनंदाने स्वीकारावी. रात्री अकराला ती सुटल्यावर कंपनीची बस कुठपर्यंत येते, हे पहिल्या रात्री समजतंच. पगार १५,००० सांगितला तर हातात किती, हे विचारणं असभ्य. सगळं मूळ वेतन असेल तर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का म्हणजे ११३ जातात. उरलेल्या १३,०८७ मधून खोलीचं भाडं निघतं का, हा हिशेब बारावीच्या गणितात नाही, म्हणून तो शिकवायचं कारण नाही.

पालकांनाही बोलवा. ते एकच विचारतील, 'कोणाला भेटायचं?' २०२४ मध्ये सरकारी नोकरीच्या आमिषाने लाखो रुपये उकळल्याबद्दल गोव्यात एकामागून एक अटका झाल्या, तरी हा प्रश्न टिकून आहे. त्यावर गूढ हसा; नाही म्हणू नका, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी येणार नाही.

अहवालाला फोटो समोरून काढा. मागच्या खुर्च्या रिकाम्या दिसत असतील तर अकरावीचा वर्ग आणून बसवा.