हा ब्रश बसस्टँडवरच्या माणसासाठी बनवायला हवा होता

काही महिन्यांपूर्वी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एका सरांनी ऑनलाइन मागवलेला बुटाचा ब्रश आणला. मुठीतच पॉलिश भरलेलं. पाठीवर रबरी बटण. ते दाबलं की केसांमधल्या बारीक छिद्रांतून पॉलिश झिरपतं, आणि तसंच घासत जायचं. डबी नको, फडकं नको, हाताला डाग नाही. सरांनी बसल्या जागी एक बूट करून दाखवला. सगळ्यांनी ब्रश हातात घेऊन बघितला. कुणीतरी म्हणालं, "चला, आता बसस्टँडवर पाय वर करून उभं राहायची कटकट गेली."

मी तेव्हा काही बोलले नाही. माझे वडील, आमचे अण्णा, जालन्याच्या बसस्टँडजवळ ४१ वर्षांपासून गटई काम करतात, म्हणजे चपला-बूट शिवतात आणि पॉलिश करतात. स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांना हे माहीत आहे, निम्म्यांना नाही. बोलायचं राहिलं ते आज इथे लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे.

आधी एक सांगते, मी या ब्रशच्या विरोधात नाही. या ब्रशामुळे अण्णांचं गिऱ्हाईक तुटेल अशी भीतीही मला वाटत नाही. गिऱ्हाईक तुटलंय ते स्पोर्ट्स शूजनं आणि सँडलनं. बँकेतली, तहसीलमधली तरुण पोरं आता कापडी बूट घालून कामावर येतात. हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. १९०६ साली मेलबर्नमध्ये सुरू झालेलं किवी पॉलिश दोन महायुद्धांत सैनिकांच्या बुटांसोबत जगभर पोचलं होतं, त्या किवीनं २०२३ मध्ये ब्रिटनच्या बाजारातून काढता पाय घेतला. तिथेही कातडी बूट रोज घालणारे कमी झाले. मग ३४९ रुपयांच्या ब्रशावर राग काढून काय मिळणार?

मी तसाच एक ब्रश मागवला आणि रविवारी अण्णांकडे घेऊन गेले.

अण्णांनी तो आधी नाकाशी नेला. "याला वासच न्हाई." मग पालथा करून केस बोटानं फाकवले, आत छिद्रं मोजली. नऊ होती. मग बटण दाबलं. पहिल्यांदा काही आलं नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा भसकन एवढं आलं की बुटाच्या जिभेवर ओघळ गेला. अण्णांनी तो फडक्यानं टिपला आणि उरलेला बूट त्याच ब्रशानं पूर्ण केला. वाळू दिला. काळाभोर झाला होता, वरवर चकाकतही होता. अण्णांनी बूट वाकवून बघितला, बोटं मुडपतात त्या जागी. तिथे बारीक रेघा पडल्या.

"हे रंगवणं झालं माय. पॉलिश न्हाई झालं."

यातला फरक मला लहानपणापासून ऐकून माहीत आहे, पण ज्यांनी फक्त डबी बघितलीय त्यांच्यासाठी सांगते. डबीतलं पॉलिश म्हणजे मुळात मेण. चांगल्या पॉलिशमध्ये कारनोबा मेण असतं. ब्राझीलमध्ये होणाऱ्या एका ताडाच्या पानांवरून ते काढतात. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, कारनोबाला ८२ ते ८६ अंश लागतात, इतकं ते कडक. हे मेण टर्पेंटाइनसारख्या द्रवात कालवायचं, रंग घालायचा. बुटाला लावलं की टर्पेंटाइन उडून जातं आणि मेण मागे राहतं. ते कातड्यातले ओरखडे बुजवतं. मग कोरड्या ब्रशानं घासलं की घासण्याच्या उबेनं मेणाचा वरचा थर सपाट होतो, उजेड इकडेतिकडे न विखुरता सरळ परत येतो, ती चमक. अण्णा हेच थोडक्यात सांगतात: "लावल्यानं बूट चमकत न्हाई, घासल्यानं चमकतो."

आता त्या ब्रशाचं बघा. छिद्रातून यायचं तर पॉलिश पातळ हवं. पातळ करायचं तर मेण कमी, पाणी जास्त. अशा पॉलिशची चमक वर सुकणाऱ्या पापुद्र्याची असते, तो पापुद्रा बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्याच जातीचा असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, कातडं आधीच सुकून कडक झालेलं, वर काळ्या रानातली धूळ. त्या पापुद्र्याला तडा जायला कितीसा वेळ लागतो? शिवाय लावायचा ब्रश आणि चमकवायचा ब्रश एकच कसा असेल? पॉलिशनं ओला झालेला ब्रश कितीही फिरवला तरी तो पॉलिश पसरवतच राहणार. अण्णांच्या पेटीत चार ब्रश आहेत, काळ्याचे दोन आणि तांबड्याचे दोन, आणि चमकवायच्या ब्रशाला ते पॉलिश लागू देत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात ब्रशाची छिद्रं बंद झाली. आतलं पॉलिश तोंडाशी सुकून बसलं होतं. अण्णांनी आरीच्या, म्हणजे कातडं टोचायच्या हत्याराच्या टोकानं एकेक छिद्र मोकळं केलं, कोमट पाण्यात बुडवून ठेवला, दोन दिवस चालला, परत बंद.

एवढ्यावर माझं मत ठरलं असतं. वस्तू कामाची नाही, विषय संपला. पण अण्णांनी ब्रश परत देताना जे सांगितलं ते डोक्यातून जाईना. ते म्हणाले, "मूठ चांगलीय पण. हात काळा होत न्हाई."

अण्णा पॉलिश बोटानं लावतात. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, त्यावर कधी चिंधी असते, कधी नसते. लहान ब्रश आहे, पण बोटाची ऊब लागली की मेण मऊ पडतं आणि शिवणीत, टाचेच्या कडेला नीट शिरतं, म्हणून बोट. दिवसाला वीस-पंचवीस जोड असायचे तेव्हाही बोटच, आता सात-आठ असतात तरी बोटच. झेंडावंदनाच्या आदल्या संध्याकाळी तर विचारू नका. जालन्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. बाकी महाराष्ट्रात झेंडावंदनं तीन, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. आपल्या मराठवाड्याला चौथं, १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिनाचं. त्या चार संध्याकाळी अण्णांपुढे तांबड्या बुटांची रांग लागायची, रात्री अकरा वाजले तरी आई डबा घेऊन बसलेली असायची. घरी आल्यावर अण्णा आधी रॉकेलनं हात चोळायचे, मग कपड्याच्या पावडरनं, मग विटेच्या तुकड्यानं. तळहात निघायचे. बोटांच्या पेरांवरच्या रेषा आणि नखांच्या कडा निघायच्या नाहीत. त्या आजही निघालेल्या नाहीत.

टर्पेंटाइन आणि रॉकेल, दोन्ही चामडीतलं तेल ओढून घेतात. चामडी कोरडी पडते, फुटते, पुरळ येतं. हिवाळ्यात अण्णांच्या अंगठ्याला उभ्या भेगा पडतात, त्यात पॉलिश भरतं, आणि भेगा काळ्या धाग्यानं शिवल्यासारख्या दिसतात. रेशन दुकानातल्या मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नाही. तीनदा, चारदा, पाचदा ठेवतात. मागे रांग. शेवटी आईला बोलवावं लागतं.

लहानपणी मी शाळा सुटल्यावर स्टॉलमागे बसून अभ्यास करायचे. अण्णांनी माझ्या वहीला कधी हात लावला नाही. "तूच उघडून दाखव," म्हणायचे. मी पान उलटत जायचे, ते मान तिरपी करून लांबूनच बघायचे. मला तेव्हा वाटायचं यांना वाचता येत नाही म्हणून हात लावत नाहीत. ते सातवी पास आहेत हे मला पाचवीत असताना कळलं.

आणि माझं लग्न. लग्नाआधी पंधरा दिवस अण्णांनी पॉलिशची डबी उघडली नाही. स्टॉल चालू होता. टाका मारायचा असेल, टाच बसवायची असेल, चेन घालायची असेल तर ते घ्यायचे, पॉलिशचं गिऱ्हाईक आलं की शेजारच्या काकांकडे पाठवायचे. लग्नसराईचे दिवस, कमाईचे. मला हे माहीतच नव्हतं, आईनं नंतर सांगितलं. कन्यादानाच्या वेळी चार लोकांसमोर हात पुढे करायचे होते ना. आमचं आडनाव विचारायची लोकांना कधी गरज पडली नाही, अण्णांचे हात बघून लोक ओळखायचे आणि ओळखल्यावर कसं वागायचं तेही ठरवायचे. म्हणून हाताला डाग लागत नाही हे त्या ब्रशाच्या जाहिरातीतलं वाक्य वाचून मला बरंच काही आठवलं.

जाहिरातीत टायवाला माणूस दाखवलाय. त्याला मीटिंगला जायची घाई आहे. तो आठवड्यातून एकदा एक जोड बूट पुसणार. त्याच्या बोटाला लागलेला डाग साबणानं संध्याकाळपर्यंत जाईल. आणि ज्याचा हात वर्षानुवर्षं त्या डबीत आहे, तो माणूस हा ब्रश बनवणाऱ्याला दिसलाच नाही. कल्पनाही काही नवीन नाही. पोटात पॉलिश असलेल्या ब्रशांची पेटंटं अमेरिकेत फाउंटन पेनाच्या जमान्यापासून घेतली गेली आहेत. इतकी वर्षं डोकी लागली, पण ती घरातल्या एका जोडासाठी. रोज बसून बूट पुसणाऱ्यासाठी कुणी लावली असतील तर त्यातलं काही आमच्या बसस्टँडपर्यंत आलेलं नाही.

सरकारी बाजूही थोडक्यात सांगते. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे. गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना आहे, अण्णांचा स्टॉल त्यातलाच. त्याआधी छत्री होती. स्टॉलनं ऊन-पाऊस टळला, कुलूप लावून घरी येता येतं, हे मोठं काम झालं आणि मी ते मानते. पण त्या स्टॉलच्या आत जे आहे ते अण्णांच्या आजोबांच्या वेळचंच आहे. रापी (कातडं कापायचं हत्यार), आरी, लोखंडी ऐरण, डबी आणि बोट. रापी आणि आरी बदलायची गरज नाही, त्या पूर्ण झालेल्या वस्तू आहेत. बोटाचं काहीतरी करायला हवं.

तर झालं असं की मे महिन्यात मी सुट्टीला गेले होते आणि माझ्या पर्समध्ये शाळेतली एक संपलेली ग्लू स्टिक राहिली होती. ती माझ्या मुलीच्या हाताला लागली. ती बसून खालची चकती फिरवतेय, आतली थाळी वर येतेय, खाली जातेय. अण्णा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आण बरं हिकडं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पॉलिशची डबी स्टॉलच्या पत्र्यावर ठेवली. आपल्याकडे मेच्या दुपारी त्या पत्र्यावर हात टेकत नाही. अर्ध्या तासात पॉलिश तुपासारखं मऊ झालं. रापीच्या टोकानं उचलून उचलून त्यांनी ते ग्लू स्टिकच्या नळीत दाबून भरलं, वर टोपण लावलं, आणि रात्रभर पाण्याच्या माठाशेजारी ठेवलं. सकाळी घट्ट. चकती फिरवली, काळी कांडी वर आली. बुटावर घासली. मेण लागलं, मेणच, पाणी नाही. मग नेहमीच्या कोरड्या ब्रशानं चमकवलं. मी शेजारी बसून बघत होते, बूट तस्साच झाला जसा बोटानं होतो. जवळजवळ तसाच. शिवणीपाशी कांडी पोचत नाही, तिथे अजून बोट लागतं असं अण्णा म्हणतात, आणि ते म्हणतात म्हणजे लागतंच. पण आधी दोन्ही बोटं भरायची, आता एका बोटाचं टोक.

तेव्हापासून ते कांडीच वापरतायत. आता दोन आहेत, टोपणावर दोरा बांधलाय ती तांबडी. त्रास दोन आहेत. एक म्हणजे नळी बारीक, एका भरण्यात सहा-सात जोडांवर होत नाहीत. आणि टोपण सैल, त्यामुळे टर्पेंटाइन उडून कांडी वरून कोरडी पडते आणि तडकते, डबी उघडी राहिली की पडते तशी. उन्हात थाळी ढिली होते हेही आहे, पण त्यावर अण्णांनी कागदाची घडी घालून उपाय काढलाय.

माझ्या यादीत वाळूजला, चिकलठाण्याला कारखान्यांत काम करणारे बरेच जण आहेत, काही माझे विद्यार्थीच आहेत. त्यातले काही प्लॅस्टिकच्या साच्यांवर काम करतात हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी अण्णांनी सांगितलेलं माप लिहिते. नळीचं तोंड दीड इंच, गोल नको, थोडं चपटं, म्हणजे टाचेच्या कडेला बसेल. एका बाजूला चोच काढलेली, शिवणीसाठी. मूठ चार बोटं मावतील एवढी, घामानं निसटू नये म्हणून वर खाचा. टोपण पेचाचं, दाबायचं नको. खालून भरता आलं पाहिजे आणि बाजारात मिळणारी कोणतीही डबी त्यात रिकामी करता आली पाहिजे, नाहीतर परत त्याच कंपनीची भरणी विकत घेत बसावं लागेल. मे महिन्यात पत्र्याखाली वितळू नये. किंमत दोन-तीन दिवसांच्या पॉलिशच्या कमाईत बसावी.

एक नमुना करून बघायचा खर्च मी देईन. बसस्टँडवर अण्णांसकट पाच जण बसतात, पाचही जण वापरून काय चुकलं ते सांगायला तयार आहेत. ज्यांना जमेल त्यांनी मला मेसेज करा. शक्य असेल तर १७ सप्टेंबरच्या आधी.