लगाम आवळला की घोडी सुटते, कारण तिला तसंच शिकवलंय

पुण्यात पावसाळ्याबरोबर रेसचा सीझन सुरू झाला की घोडेस्वारीच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: रेसमधून बाहेर पडलेला घोडा इव्हेंटिंगसाठी घेऊ नका. एक, तो डोक्याने गेलेला असतो. दोन, त्याचे पाय संपलेले असतात. तीन, त्याला पळण्याशिवाय काही येत नाही, ड्रेसाज तर नाहीच नाही. चार, मोठ्या स्पर्धा वॉर्मब्लडच (खेळांसाठी पैदास केलेले भारदस्त घोडे) जिंकतात, थरोब्रेडचे (शर्यतीच्या जातीच्या घोड्यांचे) दिवस गेले. आणि शेवटी, दया दाखवल्यासारखं: ‘फुकट मिळत असेल तर नव्या मुलांना शिकायला ठीक आहे.’

यातला एक मुद्दा गंभीर आहे, दोन अर्धवट आहेत, एक साफ चुकीचा आहे आणि शेवटचा वाचून मला घाम फुटला.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्याने आणि एकाच स्वाराने द्यायच्या तीन परीक्षा. आधी ड्रेसाज, म्हणजे आखीव मैदानात शिस्तीच्या चाली. मग क्रॉसकंट्री, म्हणजे मोकळ्या रानात ओंडके, चर, पाणी, उतार यांवरून ठरलेल्या वेळेत जाणं. आणि शो-जंपिंग, जिथे दांडी पडली की दंड. मुळात ही घोडदळाच्या अधिकाऱ्यांची परीक्षा, १९१२च्या स्टॉकहोमपासून ऑलिंपिकमध्ये. १९८२च्या दिल्ली एशियाडला रघुबीर सिंग यांनी यातच सुवर्ण आणलं होतं.

आता ‘डोक्याने गेलेला’.

जॉकी कसा बसतो ते आठवा. रिकिबी इतक्या आखूड की तो घोड्याच्या पाठीवर जवळजवळ उकिडवाच असतो. त्याच्या पोटऱ्या घोड्याच्या कुशीला लागतच नाहीत. लगाम मात्र आखूड आणि ताठ, आणि घोडा त्यावर भार टाकून पळतो. लगाम ताठ म्हणजे काम चालू. लगाम सैल सुटला म्हणजे शर्यत संपली, आता दम घे. दोन-तीन वर्षं रोज पहाटे हाच धडा.

मग एक दिवस या घोड्यावर आपल्यासारखं कुणीतरी बसतं. लांब रिकिबी, कुशीला चिकटलेल्या पोटऱ्या, खोगिरात सगळं वजन. घोड्याला आयुष्यात पहिल्यांदा बरगड्यांवर चिमटा जाणवतो, तो दचकून पुढे होतो. स्वार घाबरतो आणि लगाम ओढतो. घोड्याच्या भाषेत याचा अर्थ एकच: पळ. तो पळतो. स्वार आणखी ओढतो, तो आणखी पळतो. कुंपणाशी कसाबसा थांबल्यावर स्वार खाली उतरून सांगतो की घोडा वेडा आहे. बिचाऱ्याने सांगितलेलं सगळं ऐकलेलं असतं.

आमच्याकडे एक कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी आली होती, पाच वर्षांची, काळी आयाळ, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. रिकिबीत पाय घातला की ती चालू लागायची. पाय काढला की उभी. पुन्हा घातला की पुन्हा चालू. दोन दिवस मी तिला उर्मट म्हणत होते. तिसऱ्या दिवशी आमचे सईसकाका, ज्यांची निम्मी हयात रेसच्या तबेल्यांत गेली आहे, शांतपणे म्हणाले, “ताई, तिच्यावर कुणी उभ्याने चढलंच नाही कधी. चालता चालता जॉकीची नडगी धरून वर टाकतात ना.” एवढंच होतं. मग आम्ही तिला स्टुलाशेजारी नुसतं उभं करायला लागलो. गाजराचा तुकडा, पाठीवर हात, खोगिरावर पोट टेकून लोंबकळणं, उतरणं, परत तबेल्यात. अकरा दिवस हेच. बाराव्या दिवशी मी मांड घातली तेव्हा ती शेपटीने माशी वारत उभी होती.

रेसच्या घोड्याला काय काय येतं हे मेसेजवाले विसरतात. तो ट्रकमध्ये चढतो. नाल ठोकताना उभा राहतो. रोज खरारा आणि अंघोळ झालेली असते, लाउडस्पीकर आणि गर्दी पाहिलेली असते, पायांना पट्ट्या बांधून घ्यायची सवय असते. शेतात मोकळा वाढलेला चार वर्षांचा वॉर्मब्लड आणून दाखवा मला, जो पहिल्या दिवशी हे सगळं करेल. त्याला येत नाही ते एकटं असणं. रेसचे घोडे सकाळी ओळीने बाहेर पडतात, ओळीने परततात. पहिल्यांदा एकट्याला रपेटीला काढलं की जीव घेतल्यासारखं खिंकाळतात. सोबतीला एक म्हातारा, थंड घोडा दिला की हा प्रश्न बराचसा सुटतो.

आणि चंदी. रेसमध्ये ओट्स भरपूर आणि दिवसाचे बावीस-तेवीस तास तबेल्यातल्या खणात. पोटात अल्सर होण्याचं प्रमाण रेसच्या घोड्यांत खूप मोठं आहे. म्हणून पहिले दोन-तीन महिने जाणकार लोक शिकवतच नाहीत. दाणा कमी, चारा भरपूर, मोकळं रान, गरज पडली तर पोटाचं औषध. निम्मं ‘वेड’ तिथेच उतरतं.

दुसरा मुद्दा पायांचा. हा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण मेसेजमधलं हे सगळ्यात गंभीर वाक्य आहे.

पुढच्या पायाच्या मागच्या बाजूने गुडघ्यापासून खाली एक कंडरा जाते. चौखूर धावताना घोड्याचा सगळा भार क्षणभर एकाच पुढच्या पायावर येतो आणि ही कंडरा रबरासारखी ताणली जाते. फाटली तर पाय मागून धनुष्यासारखा फुगतो. भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि भरलेली जागा पहिल्यासारखी लवचीक राहत नाही. क्रॉसकंट्रीत उंचावरून खाली उडी मारल्यावर भार नेमका याच जागेवर येतो. त्यामुळे जुनी मोठी इजा असलेल्या घोड्याला वरच्या पातळीच्या इव्हेंटिंगला नेऊ नये, असं माझंही मत आहे. गुडघ्यात किंवा खालच्या सांध्यात हाडाचे कपचे निघालेले असतात, तेही एक्स-रेशिवाय कळत नाहीत.

पण मेसेजमध्ये एक गृहीत आहे: घोडा रेसमधून बाहेर पडला म्हणजे तो मोडूनच बाहेर पडला. तसं नसतं. कित्येक घोडे फक्त हळू असतात म्हणून बाहेर पडतात. मालकाला महिन्याचं बिल झेपेना, बक्षीस येईना, की घोडा विकायला निघतो. चार-पाच शर्यती धावून शेवटून दुसरा येणारा घोडा रेसवाल्यासाठी नुकसान आहे; माझ्यासाठी तो कमी झिजलेला घोडा आहे. शिवाय वय बघा. रेसमध्ये दुसऱ्या वर्षी उतरणारा थरोब्रेड चौथ्या-पाचव्या वर्षी निवृत्त होतो. इव्हेंटिंगचा घोडा त्या वयात बालवाडीत असतो आणि दहा ते पंधराच्या मध्ये ऐन भरात येतो.

याचं माझं आवडतं उदाहरण नेव्हिल बार्डोस. १९९९चा ऑस्ट्रेलियन थरोब्रेड, रेसमध्ये दिवे लावले नाहीत म्हणून कत्तलखान्याच्या वाटेवर होता. तिथून तो साडेआठशे डॉलरच्या आसपास विकत घेतला गेला आणि बॉइड मार्टिन या इव्हेंटिंगच्या स्वाराकडे तयार झाला. २०१०च्या जागतिक स्पर्धेत तो अमेरिकेकडून खेळला. २०११च्या मे अखेरीस पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या तबेल्याला रात्री आग लागली. सहा घोडे गेले. मार्टिनने आत शिरून नेव्हिलला ओढून बाहेर काढलं, तेव्हा त्याचा घसा आणि श्वासनलिका भाजलेली होती. त्याच सप्टेंबरात, म्हणजे चौदा आठवड्यांनी, हा बारा वर्षांचा घोडा बर्ली या जगातल्या सर्वांत अवघड स्पर्धांपैकी एकीत सातवा आला. पाय संपलेले आणि डोकं गेलेलं जनावर हे करत नाही.

तिसरा मुद्दा: ड्रेसाज येत नाही. खरं आहे, सुरुवातीला येत नाही. थरोब्रेडला पुढच्या अंगावर भार टाकून लांब होऊन पळायला घडवलंय. ड्रेसाजला मागचे पाय पोटाखाली घेऊन, पाठ उचलून चालणारा घोडा हवा. हे स्नायूंचं काम आहे, वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि झोकदार दुडकी चाल जन्मतः असलेल्या वॉर्मब्लडशी बरोबरी बहुतेकदा होत नाही ती नाहीच. मात्र याच्या जोडीला नेहमी ऐकू येणारं ‘त्याला एकाच बाजूने पळता येतं’ हे चूक. अमेरिकेत शर्यती डावीकडे वळत जातात. वळणावर घोडा डावा पाय पुढे ठेवून धावतो आणि सरळ पट्टीला आला की धावता धावता उजवा पुढे घेतो. आपल्याकडे ड्रेसाजमध्ये हाच पायबदल शिकवायला वर्षं जातात. तो सरळ आणि शांत कसा करायचा ते शिकवायचं उरतं, हे मान्य.

शिवाय हिशोब करा. ड्रेसाजचा दंड म्हणजे शंभरातून मिळालेली टक्केवारी वजा. वॉर्मब्लडला ७० टक्के, म्हणजे ३० दंड; तुमच्या घोड्याला ६४, म्हणजे ३६. फरक सहा गुणांचा. क्रॉसकंट्रीत ठरलेल्या वेळेपेक्षा उशिराच्या प्रत्येक सेकंदाला ०.४ दंड लागतो, म्हणजे हे सहा गुण पंधरा सेकंदांचे. सहा-सात किलोमीटरच्या मार्गावर पंधरा सेकंद कुणाला जड जातात, थरोब्रेडला की त्याच्या शेजारच्या भारदस्त गृहस्थाला?

इथूनच चौथा मुद्दा सुरू होतो. सर्वांत वरच्या, पाचतारांकित क्रॉसकंट्रीचा वेग मिनिटाला ५७० मीटर, म्हणजे ताशी साधारण ३४ किलोमीटर. २४०० मीटरची डर्बी अडीच मिनिटांत संपते असं धरलं तरी मिनिटाला ९६० मीटर होतात. थरोब्रेडच्या दृष्टीने क्रॉसकंट्री म्हणजे निवांत दौड, मध्ये मध्ये अडथळे. त्याला थकवा उशिरा येतो, आणि थकलेला घोडाच पाय उचलायला चुकतो. खालच्या पातळीवर तर वेग ३५०-४०० वर येतो, आणि अमेरिकेत फार लवकर पोहोचलात तरी दंड लावतात. तिथे खरी कसोटी घोड्याला हळू ठेवण्याची.

वॉर्मब्लड पुढे का आले याचं कारण मेसेजमध्ये नाही. पूर्वी क्रॉसकंट्रीच्या दिवशी आधी रस्त्यावरची लांब दौड आणि स्टीपलचेस (कुंपणांवरून उड्या घेत वेगाने धावणं) असायची. दमाचा खेळ होता, म्हणून थरोब्रेडचं राज्य होतं. २००४च्या अथेन्सपासून ऑलिंपिकमधून ते टप्पे गेले, ड्रेसाजचं वजन वाढलं, आणि चालीने देखणे घोडे वर आले. आपल्या फवाद मिर्झाने २०१८च्या एशियाडला रौप्य मिळवलं आणि टोकियोत अंतिम फेरी गाठली ती सेन्यूर मेडिकॉट या वॉर्मब्लडवर. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वरच्या पातळीचा वॉर्मब्लड पैदास करणारेही त्याच्यात थरोब्रेडचं रक्त किती टक्के हे मोजत बसतात, ते उगाच नाही.

आमच्या बाजूचे लोकही फेकतात, तेही सांगून टाकते. ‘१९८४ आणि १९८८ची ऑलिंपिक जिंकणारा मार्क टॉडचा चरिस्मा रेसचा घोडा होता’ असं ठोकून देतात. तो रक्ताने जवळजवळ पूर्ण थरोब्रेड होता, पण शर्यतीत धावलेला नव्हता. उदाहरण द्यायचंच तर मोलोकाई द्या. रेसमधून आला आणि डोरोथी क्रॉवेलला १९९४ला हेगच्या जागतिक स्पर्धेत रौप्य देऊन गेला. किंवा शो-जंपिंगमधली टच ऑफ क्लास. सहा शर्यतींत एकही न जिंकलेली ही छोटेखानी घोडी १९८४च्या लॉस एंजेलिसमध्ये ९१ पैकी ९० अडथळे निर्दोष पार करून गेली.

राहिलं ते शेवटचं वाक्य: फुकट मिळाला तर नव्या मुलांना द्या. अगदी उलट करा. वर लिहिलेला गोंधळ, पोटऱ्या चिकटवणं आणि घाबरून लगाम ओढणं, हा नवशिक्या स्वाराचाच असतो. ज्याची मांड पक्की नाही आणि हात स्थिर नाही त्याला नुकत्याच रेसमधून आलेल्या घोड्यावर बसवणं म्हणजे दोघांचंही वाटोळं. अमेरिकेतल्या केंटकीत दरवर्षी निवृत्त रेसघोड्यांची थरोब्रेड मेकओव्हर नावाची स्पर्धा होते. तिथे साधारण दहा महिन्यांच्या शिकवणीनंतर घोडे उतरतात, इव्हेंटिंगसह दहा प्रकारांत. त्यांच्यावर बसणारे पाहा: व्यावसायिक प्रशिक्षक, मुरलेले हौशी, आणि रोझी नॅप्राव्हनिकसारखी माजी जॉकी, जिने २०१२ची केंटकी ओक्स ही मोठी शर्यत जिंकली होती. नवखी मुलंही रेसमधून आलेल्या घोड्यावर शिकू शकतात, पुण्या-मुंबईत कित्येक जण शिकलेच आहेत, पण तो घोडा रेस सोडून काही वर्षं झालेला आणि कुणीतरी घडवलेला असतो. आणि ‘फुकट’ हा शब्द तर सोडूनच द्या. चंदी-चारा, दर पाच-सहा आठवड्यांनी नाल, दात, डॉक्टर, सईसाचा पगार: फुकट घोडा आणि वीस लाखांचा घोडा खायला तेवढंच मागतात.

ज्या चौघांनी मेसेज पाठवला, त्यातली एक मैत्रीण येत्या रविवारी एक चार वर्षांचा घोडा बघायला जाणार आहे. सीझनला तीनदा धावला, तीनदा मागे राहिला. तिला मी एवढंच कळवलंय: सकाळी लवकर जा, घोडा अजून खणात असताना. आधी दोन्ही पुढच्या पायांवरून गुडघ्यापासून खाली हात फिरव, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का बघ. त्यांनी एकदा पळवून दाखवला की दोन्ही गरमच लागतात.