रक्त वाढवायचं इंजेक्शन मेंदूसाठी टोचू नका

मावशीचं डायलिसिस चालू आहे, त्यामुळे घरच्या फ्रिजमध्ये एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे 'रक्त वाढवायची' इंजेक्शनं असतात. परवा मावसभावाचा फोन आला. काकांना गेल्या महिन्यात अर्धांगवायूचा झटका आलाय, तर त्यातलंच एक टोचू का? व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज त्याने वाचून दाखवला: या इंजेक्शनने मेंदूत नव्या पेशी येतात, लकवा बरा होतो, परीक्षेच्या मुलांची स्मरणशक्ती वाढते, आणि ते शरीरातच बनत असल्याने अपाय शून्य.

लकव्याचं आधी, कारण यात जीव जाऊ शकतो. जर्मनीत 522 रुग्णांना झटक्यानंतर सहा तासांच्या आत हे औषध किंवा औषध नसलेलं इंजेक्शन टोचून तुलना केली गेली. निकाल 2009 साली छापून आला. हातापायांत, बोलण्यात, रोजच्या कामांत सुधारणा दिसली नाही. मृत्यू मात्र औषध घेतलेल्यांत 16.4 टक्के, न घेतलेल्यांत 9 टक्के. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना गुठळी विरघळवणारं औषधही दिलं होतं, दोन्ही एकत्र आल्याने बिघडलं असेल, असं संशोधकांना वाटलं. तरीही डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, इस्पितळात जे घडलं, ते घरी फ्रिज उघडून करायचं? तेही झटक्याला महिना उलटल्यावर?

'शरीरातच बनतं' हा तर युक्तिवादच नव्हे. इन्सुलिनही शरीरातच बनतं, जास्त टोचलं तर माणूस बेशुद्ध पडतो. एरिथ्रोपोएटिनने तांबड्या पेशी वाढतात, रक्त घट्ट होतं, बीपी चढतं, गुठळ्या होतात. परीक्षेच्या धडधाकट मुलांना हे द्या म्हणणाऱ्याला काय म्हणावं!

नव्या पेशींच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी सांभाळणाऱ्या भागात, या औषधाने चेतापेशींची जोडणी बदलते, स्मरण सुधारतं, असं जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी दाखवलंय. त्यांनीच स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या मोजक्या रुग्णांना बारा आठवडे औषध दिलं, तेव्हा आकलनाच्या चाचण्यांत फरक पडला. पण ते रुग्ण निवडलेले, डोस ठरलेला आणि रक्ताची तपासणी सतत चालू. त्यावरून काकांचा हात हलेल, हे कुठून काढलं?

भावाला सांगितलं, काकांचं बीपी रोज मोज, फिजिओथेरपी एकही दिवस चुकवू नकोस. मावशीचं इंजेक्शन तिच्या हिमोग्लोबिनच्या आकड्यावर ठरतं. ते तिलाच मिळू दे.